वृद्ध ताऱ्यांच्या दीर्घिका आणि जागे कृष्णविवर

कन्या तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम ८७ ही महाकाय दीर्घिका आहे. लहान दुर्बिणीतून ती गोलसर, धूसर डागासारखी दिसते. तिला सर्पिल भुजा नाहीत आणि नवजात ताऱ्यांचा निळसर उजेडही नाही. तिच्यातील बहुतेक तारे वृद्ध, पिवळसर-तांबूस आहेत. ते एका चकतीत न फिरता सर्व दिशांना कललेल्या कक्षांमधून फिरतात. ही लंबवर्तुळाकार दीर्घिका होय.

एडविन हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा या दीर्घिकांना मालिकेच्या आरंभी स्थान दिले. आज मात्र त्यांतील अनेक दीर्घिका दीर्घ इतिहासाच्या शेवटच्या टप्प्यावर असल्याचे आपण जाणतो. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या बंधूंनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले, की चकतीच्या आकाराच्या दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर भरतीच्या बलाने, म्हणजे जवळच्या भागाला दूरच्या भागापेक्षा अधिक ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणाने, ताऱ्यांच्या लांबलचक शेपट्या ओढल्या जातात. अशा दीर्घिका पुढे एकमेकींत विलीन झाल्या, की तारे एकमेकांवर सहसा आदळत नाहीत, कारण त्यांच्यामधली अंतरे प्रचंड असतात. परंतु गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र इतक्या वेगाने बदलते, की चकतीची शिस्त मोडते आणि कक्षा विस्कटतात. वायू मात्र केंद्राकडे घसरतो, तेथे अल्पकाळात असंख्य तारे जन्मतात आणि नव्या ताऱ्यांसाठी लागणारा साठा संपत जातो. सर्वांत मोठ्या दीर्घिकांनी आपले बहुतेक तारे विश्वाच्या आरंभकाळातच घडवले आणि नंतर लहान दीर्घिका गिळत त्या फुगत गेल्या. नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ५१२८ या दीर्घिकेला छेदणारा धुळीचा काळा पट्टा हा अशाच एका गिळलेल्या सोबतिणीचा अवशेष आहे.

येथे एक मोठे कोडे उभे राहते, आणि या विषयातील सर्वांत विलक्षण भाग मला हाच वाटतो. महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला वायू असतो. क्ष-किरणांच्या रूपाने तो सतत ऊर्जा गमावतो. म्हणजे तो निवायला हवा, केंद्राकडे कोसळायला हवा आणि त्यातून विपुल तारे जन्मायला हवेत. तसे फारसे घडत नाही.

कारण केंद्रातील कृष्णविवर जागे आहे, म्हणजे वायू गिळताना ते ऊर्जा बाहेर फेकते. एम ८७ च्या केंद्रातून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या पदार्थाचा सरळ, उजळ झोत खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच टिपला होता. तो हजारो प्रकाशवर्षे लांब आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या, सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची छाया जगाने एप्रिल २०१९ मध्ये पाहिली. असे झोत भोवतालच्या उष्ण वायूत प्रचंड पोकळ्या निर्माण करतात. ययाती दीर्घिकासमूहात एनजीसी १२७५ या दीर्घिकेभोवती तर चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला वायूत उमटलेले, ध्वनिलहरींसारखे तरंग दिसले. ही ऊर्जा वायूपर्यंत पोचते आणि त्याचे निवणे थोपवते.

तरीही काही वायू निसटतो. एनजीसी १२७५ भोवती थंड वायूचे नाजूक तंतू पसरलेले आहेत. असा वायू केंद्रापर्यंत पोचला, की कृष्णविवराला नवे इंधन मिळते, झोत पुन्हा जोर धरतो आणि भोवतालचा वायू पुन्हा तापतो.