मार्चमध्ये स्टेडियम मोकळं कोण ठेवतं?

मित्रहो,

फिगर स्केटिंगची, म्हणजे बर्फावर संगीताच्या तालावर उड्या आणि गिरक्या घेण्याच्या खेळाची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमुक शहरात होणार, अशी बातमी आली की आपण समजतो, देखणं शहर, कडाक्याची थंडी, हॉटेलांची सोय असं काहीतरी बघून निवड झाली असणार. माझं म्हणणं वेगळं आहे. शहर नंतर ठरतं. आधी स्टेडियम ठरतं, आणि त्याच्याही आधी त्या स्टेडियमच्या तारखा बघितल्या जातात.

औपचारिक रीत साधी आहे. देशाची राष्ट्रीय संघटना अर्ज करते आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची कार्यकारी परिषद निर्णय देते. ही संघटना 1892 सालची. तिची पहिली जागतिक स्पर्धा 1896 मध्ये सेंट पीटर्सबर्गला, एका बागेतल्या उघड्या बर्फावर झाली. स्पर्धक चार! चौघांसाठी बाग पुरते. आता मात्र पुरुष, महिला, जोडी आणि आइस डान्स (बर्फावरचं जोडीनृत्य) असे चार प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन स्पर्धक किंवा तीन जोड्या उतरू शकतात.

इथे जरा हिशोब करू. समजा, पुरुष गटात तीस जण आलेत. सरावासाठी सहा-सहा जणांच्या पाच तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला चाळीस मिनिटं दिली, तर दिवसातला एकेक सराव उरकायलाच तीन तास वीस मिनिटं गेली. मधेमधे यंत्र फिरवून बर्फ नव्याने सपाट करायचा, तो वेळ वेगळा. महिलांचं तेवढंच, जोड्यांचं आणि डान्सचं आणखी. आणि ज्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, हे सगळं चालायचं, तिथेच दुपारपासून स्पर्धा सुरू! म्हणून जवळपास दुसरी रिंक लागतेच. तिथलं बर्फ मुख्य रिंकसारखं हवं, नाहीतर सरावाचा उपयोग काय? बरीच मोठी शहरं या दुसऱ्या रिंकवरच अडतात. पंधरा हजार खुर्च्या असतात, पण सरावाची रिंक शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आता तारखा. स्पर्धा बहुतेक वेळा मार्चच्या उत्तरार्धात असते. उत्तर अमेरिकेत तेव्हा आइस हॉकीचा हंगाम ऐन रंगात आलेला असतो आणि बास्केटबॉलचाही. बॉस्टनचं टीडी गार्डन बघा. हॉकीचा ब्रुइन्स आणि बास्केटबॉलचा सेल्टिक्स, दोघांचंही घर तेच. 2016 आणि 2025 या दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धा तिथे झाली, म्हणजे त्या काळात दोन्ही संघांना परगावी खेळावं लागणार हे ओघाने आलंच. हे वेळापत्रक जमवणारी माणसं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण माझ्या मते यजमानपदाचं निम्मं श्रेय त्यांचं.

बरं, हॉकीचं स्टेडियम मिळालं म्हणजे काम झालं, असंही नाही. फिगर स्केटिंगला साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद रिंक आदर्श मानतात. उत्तर अमेरिकी हॉकीची रिंक जेमतेम सव्वीस मीटर रुंद. चार मीटरच काय ते, असं बाकावर बसून वाटतं. पण स्केटर वळण घेऊन चार फेऱ्यांच्या उडीसाठी वेग धरतो, उडी मारतो आणि एका पायावर मागच्या दिशेने लांब घसरत उतरतो, तेव्हा तेच चार मीटर अंगाशी येतात, कारण पाठीमागे कठडा येऊन ठेपलेला असतो. महिनोन् महिने घोटवलेली वळणं मग दोन दिवसांत आखडती घ्यावी लागतात. बर्फाचं तापमानही निराळं. हॉकीला कडक, जास्त थंड बर्फ हवं. इथे थोडं मऊ हवं, पात्याचे पुढचे दाते रुतले पाहिजेत आणि उतरताना धारेला पकड मिळाली पाहिजे. बर्फ सांभाळणारे तंत्रज्ञ अनुभवी नसतील तर बाकीची सगळी रोषणाई व्यर्थ.

म्हणूनच तीच तीच नावं परत येतात. इटलीतल्या तुरीनचं पालावेला स्टेडियम बघा. 1961 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली इमारत, 2006 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी आतून नव्याने उभी केली. त्यानंतर 2010 ची जागतिक स्पर्धा तिथे झाली, 2019 आणि 2022 ची ग्रां प्री, म्हणजे देशोदेशी होणाऱ्या स्पर्धामालिकेची, अंतिम फेरीही तिथेच. 2021 मध्ये या मालिकेतली चीनमधली स्पर्धा रद्द झाली, तेव्हाही धावून आलं ते तुरीनच. आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिनने तर कमाल केली. जानेवारी 2022 मध्ये तिथे युरोपियन स्पर्धा ठरलेली होती. त्याच महिन्यातली फोर कॉन्टिनेन्ट्स स्पर्धा चीनमधल्या तियानजिनला व्हायची होती, ती होईना. मग तीही टॅलिनलाच! युरोप वगळून उरलेल्या खंडांची स्पर्धा भर युरोपात, युरोपियन स्पर्धा संपून जेमतेम दोन दिवस झालेले असताना. भूगोल गेला उडत, बर्फ तयार होतं.

सगळ्यात कठीण प्रसंग 2011 चा. स्पर्धा टोकियोला होती आणि दहाच दिवस उरलेले असताना, 11 मार्चला भूकंप आणि त्सुनामी. स्पर्धा मॉस्कोला हलवली आणि एप्रिलच्या शेवटी ती तिथल्या मेगास्पोर्टमध्ये पार पडली. ज्या कामाला एरवी वर्षं लागतात ते महिन्याभरात झालं. महिलांचं सुवर्णपदक जपानच्याच मिकी आंदोने जिंकलं.

पैशाचा मुद्दा मी लांबवत नाही. जपानमध्ये या खेळाला प्रेक्षक अफाट. युरोपातल्या स्पर्धेतसुद्धा रिंकच्या कठड्यावर जपानी कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. 2014, 2019, 2023, दहा वर्षांत तीनदा टोकियोशेजारच्या सायतामाला ही स्पर्धा गेली त्यात नवल नाही. टीव्हीचा जोर कुठवर जातो ते बघायचं तर 2018 चं दक्षिण कोरियातलं प्यॉंगचांग ऑलिंपिक आठवा. फिगर स्केटिंग सकाळी दहाला सुरू व्हायचं, कारण त्या वेळी अमेरिकेत संध्याकाळ असते. संध्याकाळी शरीर मोकळं होणाऱ्या स्केटरांना पहाटे सरावाला उतरावं लागलं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अर्जात लिहिलेली नसते, ती म्हणजे राहिलेलं देणं. फेब्रुवारी 1961 मध्ये अमेरिकेचा संपूर्ण संघ प्रागच्या स्पर्धेला जाताना ब्रसेल्सजवळ विमान अपघातात गेला. ती स्पर्धा रद्द झाली आणि पुढच्या वर्षीची प्रागलाच झाली. टोकियोचं हुकल्यावर तीन वर्षांनी सायतामा. मॉन्ट्रियलची 2020 ची स्पर्धा साथीमुळे अगदी तोंडावर रद्द करावी लागली. मधली वर्षं स्टॉकहोम, मॉंपेलिए आणि सायतामाकडे गेली आणि 2024 मध्ये मॉन्ट्रियलची पाळी आली. तोवर 2020 च्या पथकातल्या कित्येक स्केटरांनी निवृत्ती घेतली होती.