चाळीस टक्के आणि पीटी-3

हातात दिसतोय ना, तो पीटी-3 फॉर्म. नोव्हेंबर 2023, पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचा जिना, आणि रांगेतले बहुतेक सगळे फ्लॅटमालक. कुणी धायरीचे, कुणी आंबेगावचे, आणि आलेत कशाला तर घराच्या टॅक्समधली चाळीस टक्के सवलत परत मिळावी म्हणून महापालिकेला एवढंच लिहून द्यायला की बाबांनो, माझ्या घरात मीच राहतो. फॉर्मचे 25 रुपये, सोसायटीचं पत्र, मतदार कार्ड नाहीतर पासपोर्ट नाहीतर गॅसचं कार्ड, आणि शहरात दुसरीकडे घर असेल तर त्याच्या टॅक्स बिलाची पण झेरॉक्स. या काकांनी सगळं लॅमिनेट करून आणलंय, त्याला स्टेपलरची पिन काही लागेना, शेवटी खिडकीतल्या मॅडमनी रबरबँड लावून गठ्ठ्यात ठेवलं.

हा फॉर्म आला कुठून ते बघायला 1970 मध्ये जावं लागतं. तेव्हा महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः राहत असेल तर घराची करपात्र रक्कम 40 टक्क्यांनी कमी धरायची. म्हणजे वर्षाची करपात्र रक्कम 20,000 निघत असेल तर टॅक्स लागणार 12,000 वर. जवळपास पन्नास वर्षं हे चाललं, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, बऱ्याच जणांना तर अशी सवलत आपल्याला मिळते हेच माहीत नव्हतं. मग ऑडिटमध्ये आक्षेप आला की कायद्यात हे बसतच नाही, आणि राज्य सरकारने ठरावच रद्द केला. त्याच सुमाराला जीआयएस सर्व्हे, म्हणजे शहरातली घरं नकाशावर टिपायचं काम, चालू होतं, खासगी एजन्सीची माणसं दारोदार फिरत होती, कोण स्वतः राहतं कोण भाड्याने देतं ते टिपत होती. भाडेकरू सापडला की सवलत गेली, आणि काही ठिकाणी मालक घरात बसलेला असूनही गेली. बिलं आली तेव्हा लोकांना कळलं.

(कॅमेरा बिलावर, थकबाकीचा रकाना)

2023 च्या मार्चमध्ये पुण्यातल्या कसब्याच्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, प्रचारात हा टॅक्स गाजलाच होता, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारने सवलत परत दिली. आता यात योगायोग किती ते तुम्हीच ठरवा. महापालिकेत तेव्हा नगरसेवक नव्हतेच, 2022 च्या मार्चपासून प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे वॉर्डातल्या माणसाने तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे. ज्यांनी जादा टॅक्स भरला होता त्यांना तो पुढच्या चार वर्षांच्या बिलांत वळता करून मिळणार होता. पण सवलत गेलेल्यांनी आधी फॉर्म भरायचा.

या काकू रांगेत नाहीत. कर्वेनगरला त्यांचा एक वनबीएचके आहे, यजमानांच्या फंडाच्या पैशातून घेतलेला, आणि त्या स्वतः राहतात हडपसरला मुलाकडे. घर एकच, पण त्यात तीन कॉलेजच्या मुली राहतात, म्हणून चाळीस टक्के नाहीत. आठ फ्लॅट भाड्याने देणारा इन्व्हेस्टर आणि या काकू, महापालिकेच्या लेखी दोघं एकाच रकान्यात. हे आम्हाला तरी पटत नाही. भाड्याच्या पैशातून त्या सोसायटीचा मेंटेनन्स देतात, गिझर बिघडला तर प्लंबर त्याच बोलावतात, ही वही बघा, 2016 पासूनचा एकेक खर्च तारखेसकट.

(बँडपथक, अपार्टमेंटचं गेट)

आणि हा बँड लग्नाचा वाटत असेल तर थांबा, हा टॅक्स वसुलीसाठी थकबाकीदाराच्या दारात महापालिकेने पाठवलेला आहे. थकीत टॅक्सवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते ती वेगळीच. बाल्कनीत लोक मोबाईल घेऊन उभे, खाली ढोलकीवाला मात्र अगदी मन लावून वाजवतोय.

काकूंच्या भाडेकरूंचं म्हणाल तर करार 11 महिन्यांचा, नवा करताना टॅक्स भाड्यात धरला गेला, तीनपैकी एक मुलगी सोडून गेली.

काकूंचं मतदार कार्ड अजून कर्वेनगरच्याच पत्त्यावर आहे. मुलाने सुचवलं होतं, फॉर्म भरून टाक, कोण बघतंय. पण सोसायटीचे सेक्रेटरी त्या तिथे राहतात असं पत्र द्यायला तयार झाले नाहीत, आणि काकूंनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.