फिरकी कोण धरणार?

(पडदा काळा. लोकलचा खडखडाट. मग डब्यातला पिवळट उजेड.)

रविवारची पहाट. कर्जत लोकलच्या या डब्यात भाजीच्या रिकाम्या पाट्या आहेत, ट्रेकवाल्यांच्या सॅक आहेत आणि खिडकीपाशी चार माणसं मांडीवर जेवणाचे डबे धरून बसली आहेत. डबे जेवणाचेच, पण आत फोम कापून बसवलाय. एका खाचेत तळहाताएवढा ड्रोन, बाजूला बॅटऱ्या, स्क्रूड्रायव्हर, सुटी पाती. पोळीभाजी वेगळ्या पिशवीत.

यातली एक डोंबिवलीची, नोकरी करणारी. दोघं मुलुंडचे, कॉलेजातले. चौथे काका गिरगावचे, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. हे चौघं काही नात्यातले नाहीत. लॅमिंग्टन रोडवर एकाच दुकानात एकाच मापाची मोटर मागताना त्यांची ओळख झाली. पाचवा मी, कॅमेरा घेऊन. मीही शिकतोच आहे, आणि यांच्यापेक्षा वाईट उडवतो.

चाललोय वांगणीच्या पुढे, ड्रोन उडवायला. नेमकं कुठे, ते सांगू नकोस असं मला बजावलंय. शेतमालकाने हो म्हटलंय ते चार माणसांना. उद्या चाळीस आले तर तो कोणालाच हो म्हणणार नाही.

(फोनवर नकाशा. मुंबईवर लाल रंग पसरलेला.)

इतक्या लांब का, याचं उत्तर या नकाशात आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला देशात नवे ड्रोन नियम आले आणि आकाशाचे तीन रंग झाले. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी मागावी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाला विचारायचं, लालमध्ये थेट केंद्र सरकारला. आता मुंबई बघा. मधोमध सांताक्रूझचा विमानतळ, शेजारी जुहूचा, दक्षिणेला नौदल, पूर्वेला भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि खाडीपलीकडे २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. त्यावर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवरची हलकी विमानं, गरम हवेचे फुगे, सगळं त्यात येतं. एका आदेशाची मुदत संपते तोवर पुढचा निघतो. दादर चौपाटीवर, शिवाजी पार्कात, सोसायटीच्या गच्चीवर 'जरा वर करून बघू' म्हणणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. हौशी माणसाने हे ड्रोन घ्यायच्या आधी वाचावं. बहुतेक जण नंतर वाचतात.

तक्रार करावी का? मला नाही वाटत. घरांच्या खिडक्या इतक्या जवळजवळ असलेल्या गावात उडता कॅमेरा कोणाला हवा असेल? पण मग मुंबईकराच्या या छंदात उडवणं किती आणि बाकीचं किती, याचा हिशोब एकदा मांडू. एका बॅटरीवर हा छोटा ड्रोन पाचेक मिनिटं उडतो. डोंबिवलीकडच्या या पोरीकडे सहा बॅटऱ्या आहेत. म्हणजे झाली तीस मिनिटं. त्यासाठी जाऊन-येऊन अख्खी सकाळ, आणि आदल्या आठवड्याच्या चार रात्री.

(स्वयंपाकघर. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं.)

त्या चार रात्री इथे जातात. जेवणं झाली, भांडी पडली, की ओटा तिचा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळे हौशी लोक जुळवाजुळवीकडे वळले. ती मात्र आधीपासूनच त्या वाटेवर होती. कार्बन फायबरची चौकट, चार मोटरी, मोटरींचा वेग सांभाळणारं बोर्ड, त्यावर मेंदूचं बोर्ड, समोर नखाएवढा कॅमेरा. सगळं मिळून २५० ग्रॅमच्या आत बसवायचं, कारण तिथवर त्याला 'नॅनो' म्हणतात. हौसेपुरतं उडवायला नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी क्रमांक मात्र नॅनोलाही लागतो. काट्यावर तिचा ड्रोन २४४ ग्रॅम भरला, तेव्हा तिने काटा तीनदा पुसून पुन्हा पाहिला.

आता तिच्या हाताकडे बघा. बॅटरीची लाल वायर डाख देऊन बोर्डाला जोडायची आहे. वायर जाड, बोर्डाचा तुकडा तांब्याचा, दोन्ही उष्णता पिऊन टाकतात. घाई केली तर कथील वर गोळा होऊन बसतं, चिकटल्यासारखं दिसतं आणि हवेत गेल्यावर सुटतं. कच्चा डाख. ती आधी वायरच्या टोकाला कथील पाजते, मग बोर्डाला, मग दोन्ही एकत्र धरून मनात तीन मोजते. चकचकीत उतार आला म्हणजे जमलं. राळेचा धूर वर जातो आणि आतून आई ओरडते, "अगं, खिडकी उघड! देवघरात धूप घातल्यासारखं केलंयस सगळं."

(बल्बचा जवळून घेतलेला शॉट.)

आणि हा बल्ब. रिक्षाच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्टचा. पहिल्यांदा बॅटरी लावताना तो मध्ये जोडायचा. सगळं नीट असेल तर क्षणभर मिणमिणतो आणि विझतो. आत कुठे शॉर्ट असेल तर भक्कन पेटून तसाच राहतो. आलेली वीज तो खातो आणि बोर्ड वाचतं. बल्ब जोडायचा आळस केला, तर काही हजारांचं बोर्ड धूर सोडून मोकळं होतं.

त्या रात्री बल्ब पेटून राहिला. तिने काहीच न बोलता बॅटरी काढली, भिंग घेतलं आणि दोन टोकांमध्ये अडकलेला केसाएवढा कथलाचा तार शोधायला पाऊण तास घालवला. कॅमेरा चालू आहे हे ती विसरली होती. या चित्रफितीतला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच, पण पाऊण तास तुम्हाला दाखवता येत नाही.

(शेत. धुकं. भाताचे खुंट.)

वांगणीच्या पुढची सकाळ. हवा गप्प आहे. शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. उन्हं चढली, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटणार, म्हणून कामं सकाळी उरकायची. शेतमालक बांधावर येऊन उभे राहतात. "लग्नाचं शूटिंग आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग मागे गावठाण मोजायला आलेला, तसला?" स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीला आलेला ड्रोन गावोगाव लोकांनी पाहिलाय. ड्रोन म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तो कशाला उडवायचा, हे मात्र सांगता सांगता आमचीच पंचाईत होते.

उडण्याआधी पाती तपासायची. चार पंख्यांपैकी कर्णावरचे दोन एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलटे. का? पंखा एकीकडे फिरला की अंग दुसरीकडे फिरायला बघतं. जुहूहून बॉम्बे हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा असतो, तो ही गिरकी थोपवायलाच. इथे शेपटी नाही. चौघांनी एकमेकांना आवरायचं. एक पातं उलटं बसलं तर ड्रोन वर जायच्या ऐवजी जागीच कोलांटी खातो. मुलुंडच्या एकाने आज तेच केलं. त्याच्या मित्राला किती आनंद झाला, तो बघा.

(झाडाकडे बोट दाखवणारा निवेदक.)

हसण्यात मी नव्हतो, कारण या आंब्याखाली माझी अब्रू गेलेली आहे. माझा ड्रोन विकतचा, कॅमेऱ्याचा, सिग्नल तुटला की आपोआप घरी येणारा. घरी येतो म्हणजे काय करतो, हे मी नीट वाचलं नव्हतं. तो आधी तुम्ही ठरवलेल्या उंचीवर जातो आणि मग सरळ रेषेत परततो. उंची मी ठेवली होती १५ मीटर. आंबा त्याहून उंच. तो शहाणा ड्रोन नाकासमोर चालत फांदीत घुसला. शेतमालकांचा मुलगा निम्म्यात चढला, खालून झेला मागवला आणि हापूस उतरवावा तसा तो अलगद उतरवला. वर म्हणाला, "कच्चा आहे हो अजून." तेव्हापासून मी जागेवर पोचलो की आधी सगळ्यात उंच झाड शोधतो.

घारींचंही सांगायला हवं. मुंबईच्या आसपास घारी भरपूर, आणि आपल्या हद्दीत घरघर करणारी वस्तू त्यांना खपत नाही. घिरट्या सुरू झाल्या की आम्ही उतरवतो. घारीला पात्याने जखम होण्यापेक्षा एक बॅटरी वाया गेलेली बरी.

(काका खुर्चीवर. घडीची खुर्चीही त्यांनीच लोकलमधून आणलेली.)

काका या छंदात आले ते पतंगातून. चाळीच्या गच्चीवर संक्रांतीला काटाकाटी करणारे हे हात. म्हणतात, "पतंगाचं मांजा बोटाला सांगतो. वारा पडला, कळतं. समोरच्याने ढील दिली, कळतं. याच्यात बोटाला काहीच कळत नाही रे. सगळं डोळ्यांनी." आणि डोळे फसवतात. ड्रोनचं नाक आपल्याकडे वळलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं. नवा माणूस तिथेच धडकतो. काकांनी दोन महिने नातवाच्या लॅपटॉपवर सिम्युलेटर खेळून हे बोटांत मुरवलं. घरच्यांना वाटलं, म्हातारपणी गेमचा नाद लागला.

एक गंमत त्यांनीच मला सांगितली. १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येतच पतंग बसवलेला होता. "म्हणजे मी दहा वर्षांचा असल्यापासून वैमानिक," ते म्हणतात.

ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र थेट डोळ्यांसमोर आणणारा एक बंद गॉगल असतो. तो लावून उडवणाऱ्याला फक्त ड्रोनला दिसतं तेवढंच दिसतं. बैल आला, माणूस आलं, घार आली, तर त्याला पत्ता नाही. म्हणून शेजारी एक जण उघड्या डोळ्यांनी उभा राहून बोलत राहतो. इंग्रजीत त्याला स्पॉटर म्हणतात. पतंग उडवणाऱ्याच्या शेजारी मांजाची फिरकी धरून कोणी उभं राहतं, तसा म्हणून काका त्याला फिरकीवाला म्हणतात, आणि या टोळक्यात आता सगळेच तसं म्हणतात. दर बॅटरीला पहिला प्रश्न तोच: फिरकी कोण धरणार?

(डोंबिवलीची मुलगी गॉगल लावते. दुसरा गॉगल काकांना देते.)

तिच्या ड्रोनचं चित्र साध्या ॲनालॉग लहरींवर येतं. त्याच चॅनलवर दुसरा गॉगल लावला की त्यालाही तेच दिसतं. ती उडवणार, काका नुसते बसून बघणार. आजवर त्यांनी उघड्या डोळ्यांनी उडवलंय. गॉगल आज पहिल्यांदा. फिरकी माझ्याकडे.

"काका, खुर्ची घट्ट धरा हं. सुरुवातीला पोटात गोळा येतो."

"अगं, मी आयुष्यभर लोकलच्या दारात उभा राहिलोय."

मोटरी किंचाळतात. ड्रोन खुंटांवरून सरकतो, बांध ओलांडतो, आंब्याला दुरून वळसा घालतो. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात धरलेत. वळणावर त्यांचं अख्खं अंग ड्रोनबरोबर डावीकडे झुकतं. मग ती नाक आमच्याकडे वळवते आणि सावकाश परत आणते.

"शेतात कोण बसलंय गं?" काका विचारतात. "तो पांढऱ्या टोपीतला म्हातारा. डोळ्यांवर डबा बांधून बसलाय. सांग त्याला, बाजूला हो म्हणावं, लागेल."

"काका, तुम्हीच आहात ते."

काका एक हात वर करतात. गॉगलमधला म्हाताराही करतो. ते पुन्हा हलवून बघतात.

बॅटरीची बीप वाजते. एका सेलमागे साडेतीन व्होल्ट.

"उतरवते आता."

"थांब गं," काका म्हणतात, हात अजून वरच. "एकदा मागून दाखव."

(चित्रात मुंग्या येतात. मग भाताचे खुंट, अगदी जवळून.)