कॅलेंडरावरची वचनं आणि करिंथच्या बायका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'बायकांनी मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभेत) गप्प बसावं काय?' त्यावर येतोच. पण माझ्या पाठीमागे बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चा बॅनर लावलाय, आधी त्याचा निकाल लावू.

'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत', असं देव म्हणतो ते वचन! दहावीच्या निकालापासून बोअरवेलला पाणी लागेपर्यंत हे वचन सगळीकडे चालतं. फक्त त्याच्या वरची ओळ कोणी वाचत नाही. दहावं वचन म्हणतं, बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हे पत्र आहे, इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमहून उचलून नेलेल्या माणसांना लिहिलेलं. त्यात चाळिशीचा माणूस असेल तर त्याला कळलंच, आपण काही गावी परतत नाही, परततील ती नातवंडं. म्हणूनच पाचव्या वचनापासून सांगितलंय: घरं बांधा, बागा लावा, पोरापोरींची लग्नं उरका, आणि ज्या शहरात कैदी आहात त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा.

आधीचा अध्याय तर वाचाच. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका सांगतो आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू सगळ्यांदेखत मोडतो. टाळ्या कोणाला पडल्या असतील? दोन वर्षंवाल्यालाच. इथं हात वर करायला लावलं तरी तोच निवडून येईल. तो त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. अकरावं वचन एकटं काढून टांगलं की त्यातून यिर्मया जातो आणि हनन्या उरतो.

दोष निव्वळ छापखान्याचा नाही. मुळात बायबलात अध्याय-वचनांचे आकडे नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकात, स्टीफन लँग्टननं. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे दिले १५५१ मध्ये, रोबेर एतिएन या मुद्रकानं. शोधायला सोय झाली, तोडायलाही झाली.

दुकानात गल्ल्यावर लावतात ते ईयोब ८:७ घ्या. आरंभ थोडा, शेवट भरभराटीचा. हे बोलतो कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद. आणि ४२:७ मध्ये देव त्याच्यासकट तिघा मित्रांवर भडकतो, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते न बघता आपण शेताचा सौदा करत नाही. वचन मात्र बोलणारा कोण ते न बघता फ्रेम करतो. (हसू नका, फ्रेम तुमच्याही घरी आहे.)

फिलिप्पै ४:१३ राहिलंच. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो', परीक्षेच्या पॅडवर लिहितात ते. त्याआधीच्या बाराव्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हींत राहायला शिकलो म्हणतो, तेही बेड्यांत असताना. पहिल्या नंबराचा तिथं विषयच नाही.

घड्याळ दाखवताहेत. सातला लाईन जाते म्हणे. तर करिंथ, म्हणजे पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र.

१ करिंथ १४:३४. भरभर सांगतो, बोट ठेवून वाचा. या अध्यायात गप्प राहायला तिघांना सांगितलंय. अन्य भाषेत (प्रार्थनेच्या भरात, इतरांना न कळणाऱ्या भाषेत) बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारा नसेल तर, वचन २८. संदेष्ट्याला, दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर, वचन ३०. आणि बायकांना. पहिल्या दोघांचं गप्प राहणं प्रसंगापुरतं, मग तिसऱ्यांचं जन्मभराचं कसं? शिवाय ११:५ मध्ये हाच पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांनी डोकं झाकावं म्हणतो. तोंड बंदच ठेवायचं असतं तर पदराची चर्चा कशाला? रोमकरांस पत्र १६:१ मध्ये करिंथच्याच बंदराची, किंख्रियाची, मंडळीची सेविका फीबी आहे, तीही बाईच.

काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं ४० नंतर येतात. म्हणून काही अभ्यासक ती समासातली भर मानतात. पण ती अजिबात नाहीत अशी प्रत सापडलेली नाही, तेव्हा मी ती खोडणार नाही. पस्तिसाव्यात शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारा असं आहे. म्हणजे रोख सभेत मध्येच विचारण्यावर असावा, असं मला वाटतं. हे मत आहे, वाद घाला. मात्र ज्यांना चौतिसावं अक्षरशः लावायचंय त्यांनी सत्ताविसावंही लावावं: अन्य भाषेत बोलणारे दोन, फार तर तीन, तेही पाळीपाळीनं. आपल्या उपवास-प्रार्थनेत हे कोणी मोजतं का?

प्रश्न घेऊ. आधी मागच्या ओळीतल्या बाया. नवऱ्यांनी थोडं थांबावं.