बागेतली गाडी मित्रांच्या हाती

नमस्कार, श्रोतेहो.

बागेतली छोटी आगगाडी बघायला कुणी आलं की पहिली पाच मिनिटं फार छान जातात. गाडी झुडपाआडून बाहेर येते, पुलावरून जाते, शिट्टी देते. पाहुणे वाकून बघतात, फोटो काढतात. दुसऱ्या फेरीलाही कौतुक होतं. चौथ्या फेरीला गप्पा सुरू होतात, आणि त्या गाडीबद्दलच्या नसतात. यात पाहुण्यांचा काही दोष नाही, त्यांच्यासाठी करण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. म्हणून आज बोलायचंय ते गाडी दाखवण्याबद्दल नाही. मित्रांना ती चालवायला बोलवायचं असेल तर काय काय करून ठेवावं लागतं, त्याबद्दल बोलायचंय.

ज्यांनी असली गाडी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बागेत सहसा ४५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग टाकतात. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ साली एलजीबी या नावानं अशा गाड्या बाजारात आणल्या आणि हा छंद खऱ्या अर्थानं अंगणात उतरला. त्यांचं प्रमाण एकास साडेबावीस. मीटरगेजच्या मार्गाला साडेबाविसानं भागलं की साधारण ४५ मिलिमीटर येतात, हिशोब सरळ आहे. या प्रमाणात उभा माणूस साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि मोठं इंजीन दोन्ही हातांनी उचलावं लागतं. रूळ उघड्यावर, खडीत बसवलेले. ऊन, पाऊस, पालापाचोळा, मुंग्या, गोगलगायी, सगळं त्यांच्या वाट्याला येतं.

आता वेगाचा हिशोब बघा. खरी गाडी ताशी चाळीस किलोमीटरनं जाते असं धरलं, तर आपली गाडी सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकते. तुम्ही रमतगमत चाललात तरी तिच्या पुढे जाल. मला विचाराल तर बागेतल्या गाडीचं सगळ्यात मोठं सुख हेच: ड्रायव्हर हातात रिमोट घेऊन आपल्या गाडीच्या बरोबरीनं चालत असतो. टेबलावरच्या मांडणीत ते मिळत नाही. पण अडचणही इथेच आहे. साठ मीटरचा मार्ग या वेगानं दोन मिनिटांत संपतो. पुढं काय? म्हणजे पाहुण्यांना रमवायचं तर ते गाडी थांबते तिथल्या कामानं.

ही जाण या छंदात जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक एलिसन नावाचे एक गृहस्थ होते, आधी नाटकमंडळींत काम केलेले. त्यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात हे आग्रहानं मांडलं की रूळ म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. कथानक नसेल तर नट नुसते रंगमंचावरून फिरत राहतात. त्यानंतर प्रत्येक वाघिणीसाठी, म्हणजे मालाच्या डब्यासाठी, एक कार्ड आणि त्या कार्डाच्या खिशात मालाची चिठ्ठी, अशी पद्धत रूढ झाली. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: ही वाघीण अमुक स्टेशनच्या लाकूडवखारीला सोडा. काम झालं की चिठ्ठी उलटायची, पाठीमागे पुढचा मुक्काम. खेळ एवढाच, पण वाघिणीला जायला ठिकाण मिळालं की तिला ओढणाऱ्या माणसाचा चेहरा बदलतो.

बागेसाठी मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. कार्डं वाऱ्यानं उडतात, दव पडलं की ओली होतात आणि नवख्या माणसाच्या हातात सात-आठ कार्डं दिली की त्याचं सगळं लक्ष कार्डांतच जातं. पाहुण्यांसाठी एका गाडीला एक यादी करा. जाड पुठ्ठ्याला चिमटा लावून त्यात कागद, आणि लिहायला पेन्सिल, कारण शाई ओल्या हातानं पसरते. यादीत वाघिणीचा रंग आणि नंबर, कुठून उचलायची, कुठं सोडायची. बस. उचलायच्या तीन आणि सोडायच्या तीन असल्या तरी नवा माणूस अर्धा तास गुंततो. यजमानाला हे पटत नाही, कारण तो स्वतः तेच काम दहा मिनिटांत उरकतो. त्याला प्रत्येक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा, पाठ असतो.

आणि खरी मेख याच पाठ असण्यात आहे. आपल्या बागेत आपल्याला पाटी लागत नाही. जांभळ्या फुलांच्या झुडपाशेजारची साइडिंग, मुख्य मार्गातून बाजूला काढलेला तो रुळाचा फाटा, म्हणजे दूधडेअरी, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. पाहुण्याला तिथं फक्त झुडूप दिसतं. तेव्हा प्रत्येक स्टेशनला नाव, प्रत्येक साइडिंगला पाटी, आणि पाटी उभ्या माणसाला वाचता येईल एवढी मोठी. प्रमाणात बसणारी सुबक इवली पाटी हौसेनं लावाच, पण पाहुणे येतील त्या दिवशी तिच्या शेजारी मोठी पाटी खोचा. सांध्याच्या लिव्हरपाशी दोन रंगांचे ठिपके द्या, एक मुख्य मार्गाचा, एक साइडिंगचा. मग एक परीक्षा घ्या. ज्यानं तुमची बाग पूर्वी पाहिलेली नाही अशा एखाद्याला यादी द्या आणि तुम्ही गप्प बसा. तो जिथं जिथं मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथं तिथं पाटी कमी आहे.

आता रुळांकडे येऊ. एकटं असताना गाडी रुळावरून उतरली तर आपण वाकून ती परत ठेवतो आणि विसरूनही जातो. पाहुण्याच्या हातून उतरली तर त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो बिचकतो आणि मग रिमोट दुसऱ्याच्या हातात देऊन टाकतो. म्हणून तयारी आदल्या दिवशी सुरू होते. सर्वांत लांब डबा हातानं ढकलत पूर्ण मार्ग फिरा. जिथं तो खडखडतो तिथं खडी खचलेली असते किंवा सांध्यात खडा बसलेला असतो. डब्यांच्या दोन चाकांमधलं अंतर गेज नावाच्या मापानं तपासा. रुळावरून उतरणाऱ्या वाघिणींत पुष्कळदा दोष मार्गाचा नसतो, चाकं आसावर थोडी सरकलेली असतात.

उन्हाचाही हिशोब ठेवावा लागतो. पितळी रूळ दहा मीटर सलग असेल आणि पहाटेपासून दुपारपर्यंत त्याचं तापमान तीस अंशांनी चढलं, तर तो पाच-सहा मिलिमीटरनं लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो बाजूला वाकतो आणि सकाळी गुळगुळीत असलेला मार्ग दुपारी नागमोडी होतो. तेव्हा ज्या वेळेला मित्र येणार, त्याच वेळेला आदल्या दिवशी चाचणी घ्या. सकाळची चाचणी दुपारच्या उपयोगाची नाही. रुळांतून वीज घेत असाल तर पितळावरचा काळा थर त्याच दिवशी घासून काढा. इंजीन बॅटरीवर चालत असेल तर या घासण्यातून सुटका, फक्त पालापाचोळा आणि वाळू झाडली की झालं. पाहुण्यांच्या दिवसापुरती तरी मी बॅटरीच्या बाजूनं कौल देईन, मात्र सगळ्या बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लावलेल्या हव्यात.

एका वेळी किती गाड्या? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा एक कमी. आणि प्रत्येक गाडीवर दोन माणसं, एक ड्रायव्हर, एक गार्ड. ड्रायव्हरकडे रिमोट, गार्डकडे यादी, सांधे आणि डबे सोडवायची कामगिरी. जाणता गार्ड आणि नवखा ड्रायव्हर अशी जोडी फार छान जमते, कारण जाणत्याला रिमोटला हात लावता येत नाही, त्याला तोंडानंच सांगावं लागतं. कामगिरी अर्ध्यावर आली की जोडीनं आपसांत अदलाबदल करावी.

एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून काय करायचं, हा प्रश्न खऱ्या रेल्वेनं फार मोठी किंमत मोजून सोडवला. १८७४ साली इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथं तारेच्या निरोपात घोटाळा झाला आणि एकेरी मार्गावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर यांनी टॅब्लेटचं यंत्र काढलं. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं विजेनं जोडलेली, आणि मधल्या एकेरी टापूसाठी एका वेळी एकच टॅब्लेट, म्हणजे चकती, बाहेर निघणार. चकती हातात असेल तरच ड्रायव्हरनं पुढं जायचं. बागेत याचं रूप अगदी साधं होतं: लाकडाचा रंगवलेला तुकडा, त्याला गळ्यात अडकवता येईल अशी दोरी, आणि एकेरी टापूच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी. तुकडा खुंटीवर असेल तर घ्या आणि निघा. पलीकडच्या खुंटीवर असेल तर चार पावलं चालत जाऊन आणा. दोन्हीकडे नसेल तर मार्गावर गाडी आहे, थांबा. यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. लहान मुलं तर हा नियम मोठ्यांपेक्षा कडकपणे पाळतात आणि मोठ्यांना पाळायला लावतात.

घड्याळाचा मोह टाळा, निदान पहिल्या खेपेला. जलद घड्याळ म्हणजे खऱ्या एका मिनिटात सहा मिनिटं पुढं जाणारं. दोन मिनिटांचा प्रवास त्यात बारा मिनिटांचा होतो आणि वेळापत्रक भरगच्च दिसतं. मुरलेल्या मंडळींना त्यात मजा येते. नवख्याला मात्र पाच मिनिटांत उशीर झालेला असतो आणि मग तो डबे आपटायला लागतो. त्याऐवजी क्रम ठरवा. आधी सकाळची पॅसेंजर, ती पोचली की मालगाडी, मग परतीची पॅसेंजर. जितका वेळ लागेल तितका लागो.

वाकणं हाही एक मुद्दा आहे. मार्ग जमिनीलगत असेल तर दर जोडणीला कंबर वाकते, आणि आपल्या मित्रमंडळींचं वय आपल्याइतकंच असतं. डबे सोडवायला लांब दांड्याचा आकडा करून ठेवा, स्टेशनांपाशी बुटकी स्टुलं ठेवा. चालायची वाट फरशांनी आखून द्या, नाहीतर सगळ्यांचं लक्ष गाडीकडे आणि पाय रोपांत किंवा रुळांवर. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी सावलीत, उंचावर एक छोटं यार्ड करता आलं तर बघा. ॲलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाचं एक कोडं प्रसिद्ध आहे. तीन साइडिंगा, एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोहोंत तीन-तीन, आणि शंटिंगच्या, म्हणजे डबे पुढंमागं करून लावायच्या, तुकड्यावर इंजीन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघाल्या त्याच क्रमानं गाडी लावायची. असे क्रम होतात ६७२०. इवल्याशा जागेत, खुर्चीतून न उठता, दुपार जाते. तिथं बसलेल्या माणसाला उठवायला नंतर दोनदा हाका माराव्या लागतात.

खऱ्या वाफेचं इंजीन असेल तर त्याला सलाम, पण ते पाहुण्याच्या हाती देऊ नये. बॉयलर तापलेला, गॅसची ज्योत पेटलेली, आणि संथ शंटिंग ही काही त्याची आवड नाही. त्याला मधेच एक फेरी द्या, मालकानंच चालवावी, तेवढ्या वेळात बाकीच्या गाड्या लूपवर, म्हणजे बाजूच्या मार्गावर, उभ्या राहतील आणि माणसांनाही जरा टेकायला मिळेल.

आणि यजमानानं काय करायचं? त्यानं गाडी घ्यायची नाही. हे फार जड जातं. वर्षभर खपून मार्ग बांधायचा आणि त्या दिवशी रिमोटला हातसुद्धा लावायचा नाही! पण एक माणूस मोकळा लागतोच. कुणाची बॅटरी उतरते, कुणाचा सांधा अडतो, कुणाला उशिरा यावं लागतं. मात्र मोकळं असणं म्हणजे मागं मागं फिरणं नव्हे. पाहुणा सरळ मार्ग सोडून डबे उलट्या बाजूनं नेत असेल तर नेऊ द्या. त्याला दोन फेऱ्या जास्त पडतील, त्या त्याच्या आहेत. विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका, इंजीन पुलावरून खाली पडत असेल तेवढा अपवाद सोडून.

एखादी वाघीण दुसऱ्यांदा रुळावरून उतरली की वाद न घालता तिला उचला. खऱ्या रेल्वेत नादुरुस्त वाघिणींसाठी सिक लाइन असते, तशी एक साइडिंग आपल्याकडेही हवी. वाघिणीवर रंगीत चिकटपट्टी लावायची, काय झालं ते पट्टीवर दोन शब्दांत लिहायचं आणि यादीत तिच्यापुढे फुली मारायची. गार्डनं हे सगळं गंभीर चेहऱ्यानं केलं तर तोही खेळाचाच भाग होतो.

दीड-दोन तासांत थांबा, कामं शिल्लक असली तरी. मंडळी निघाली की डबे आवरून पेटीत भरायची घाई करू नका, आधी कोणती वाघीण कुठल्या साइडिंगवर उभी आहे ते लिहून घ्या. पुढच्या खेपेला तिथंच मांडून सुरुवात करायची, म्हणजे यादी नव्यानं रचावी लागत नाही आणि आलेला मित्र विचारतो, माझी ती निळी टाकी अजून डेअरीतच आहे ना? मग सिक लाइनकडे वळा. पट्ट्यांवरचं वाचा. तीन वाघिणी एकाच सांध्याशी उतरल्या असतील तर वाघिणी टेबलावर घेऊ नका, खुरपं आणि लेव्हल घेऊन त्या सांध्यापाशी जा.

नमस्कार.