बंद फोनमधून निघालेला धूर

श्रोतेहो, नमस्कार. आज एका अँड्रॉइड फोनबद्दल बोलायचंय. सॅमसंग गॅलक्सी नोट सेव्हन. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा कारभार आटोपला. नोट सेव्हन, लक्षात ठेवा.

आल्या आल्या त्याचं जे कौतुक झालं, ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. दोन्ही कडांना वळलेला ५.७ इंचांचा स्क्रीन, पाण्यात पडला तरी चालणारा, डोळ्याच्या बुबुळावरून मालक ओळखणारा, आणि सोबत ओल्या काचेवरही लिहिणारं पेन. परीक्षकांनी भरभरून लिहिलं. आता, चार-आठ दिवस वापरून फोनला गुण द्यायचे, ही पद्धतच मला पटत नाही. कॅमेरा तेवढ्यात कळतो हो, बॅटरी कशी कळणार? पण ते असो.

थोड्याच दिवसांत काही फोन पेटल्याच्या बातम्या आल्या. २ सप्टेंबरला कंपनीनं जाहीर केलं, विकलेले फोन परत घेतो, बदलून देतो. किती? २५ लाख! बदलून मिळणाऱ्या फोनमध्ये बॅटरी दुसऱ्या कारखान्याची. आणि ओळखीची खूण म्हणून बॅटरीचं चिन्ह हिरवं. हिरवं म्हणजे बिनधोक. हे हिरवं चिन्ह विसरू नका.

आता ऐका. तारीख ५ ऑक्टोबर २०१६. अमेरिकेतला लुईव्हिलचा विमानतळ. साउथवेस्टचं विमान बाल्टिमोरला निघायच्या बेतात. मंडळी बसताहेत, सामान वर चढवताहेत. फोन बंद करा, अशी सूचना झाली. एका प्रवाशाकडे नोट सेव्हन होता. गृहस्थानं मुकाट्यानं फोन बंद केला आणि खिशात टाकला. आणि खिशातून धूर यायला लागला! बंद केलेला फोन, बरं का. चार्जिंगला नाही, हातात नाही, बंद. त्यानं तो झटकन काढून खाली टाकला. दाट धुराचे लोट उठले, खालचा गालिचा जळाला. सगळ्यांना भराभर खाली उतरवलं. विमान जमिनीवरच होतं म्हणून बरं, कुणाला इजा झाली नाही. तेच अर्ध्या तासानं, ढगांत झालं असतं तर?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तो फोन जुना नव्हता. बदलून मिळालेला होता. हिरव्या चिन्हाचा! पंधरवड्यापूर्वीच त्या गृहस्थानं जुना देऊन हा घेतला होता.

मग कोण थांबतो? ११ ऑक्टोबरला कंपनीनं उत्पादन कायमचं थांबवलं. अमेरिकेनं तो फोन विमानात न्यायलाच बंदी घातली, बंद असला तरी. परत पाठवण्यासाठी अमेरिकेतल्या ग्राहकांना आगीला दाद न देणारी खोकी आली, सोबत हातमोजे. फोन उचलायला हातमोजे! तरीही काही लोक तो सोडायला तयार होईनात. शेवटी चार्जच होऊ नये अशी अपडेट पाठवावी लागली.

कारण काय? जानेवारी २०१७ मध्ये सोलमध्ये कंपनीनं सांगितलं. बॅटरीत धन आणि ऋण पट्ट्या वळकटीसारख्या गुंडाळलेल्या असतात, मध्ये पातळ पडदा. पट्ट्या एकमेकींना भिडल्या की शॉर्टसर्किट. पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी, तिथं पट्टी वाकली. दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले, काहींत इन्सुलेशनची टेपही नव्हती. दोन कारखाने, दोन वेगळे दोष. म्हणून फोन बदलूनही फोन पेटला.

माझं जुनं तुणतुणं वाजवतोच. नोट फोरपर्यंत मागचं झाकण नखानं उघडायचं आणि बॅटरी हातात यायची. तसंच असतं तर बॅटऱ्या तरी परत मागवता आल्या असत्या, अख्खे फोन कशाला? पातळ फोनच्या हौसेपायी झाकणं चिकटली. चार्जिंगला लावून उशीखाली फोन ठेवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

भारतात हा फोन जाहीर झाला, ५९,९०० रुपये किंमतही लागली, पण विक्री सुरूच झाली नाही. तरी नाव घरोघरी पोहोचलं, कारण विमानात त्याचं नाव घेऊन सूचना व्हायची.

आणि कोरियात? जुलै २०१७ मध्ये तोच फोन पुन्हा विकायला आला, नवं नाव घेऊन, फॅन एडिशन. ४ लाख नग, किंमत कमी. बॅटरी ३५०० ऐवजी ३२०० मिलिअँपिअर-तासांची.