उसाच्या ट्रॉलीमागून

(पहाट. कोल्हापूरकडून शिरोळकडे जाणारा रस्ता.)

गळीत हंगामात इथल्या दुचाकीवाल्याला ट्रॅक्टरमागं रेंगाळायची सवय असते. पुढं दोन ट्रॉल्या ऊस, मागं आपण, मधे डिझेलचा धूर. आणि आपल्याच टाकीतल्या पेट्रोलमध्ये असाच कुठलातरी ऊस इथेनॉल होऊन उतरलेला.

(कारखाना. मळीच्या टाक्या.)

साखर काढल्यावर उरते ती मळी. काळी, दाट. पाणी घालून ती पातळ करायची, यीस्टनं आंबवायची, मग ऊर्ध्वपातन. पण कितीही उकळा, अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, 95-96 टक्क्यांच्या पुढं जात नाही. शेवटचं पाणी चिकटून बसतं. ते काढायला मॉलिक्युलर सिव्ह लागते: बारीक छिद्रांचे खडे पाणी धरून ठेवतात, इथेनॉल पुढं जातं. एवढा खटाटोप कशाला? कारण पेट्रोलमध्ये पाणी खपत नाही. झाकण नीट न बसलेली गाडी पावसात उभी राहिली, की इथेनॉल ते पाणी ओढून टाकीच्या तळाशी बसतं. मग किका मारत बसा. आणि पाऊस तर कोल्हापूरचा!

(पेट्रोल पंप.)

देशात या मिश्रणाचा प्रयोग 2001 मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यात शेजारचं मिरज होतं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं. ते 2025 मध्येच गाठलं.

'ॲव्हरेज पडलं' ही तक्रार खोटी नाही. लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट. या इंधनासाठीच बनवलेल्या इंजिनात ती कमी जाणवते.

(उसाचा फड.)

उसानं हवेतला कार्बन घेतला, इंजिननं तोच परत सोडला. हिशेब बरोबर वाटतो. कारखान्याची वाफही बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर होते. पण युरिया, पाण्याचे पंप, वाहतूक? ते वजा करावंच लागतं. शिवाय रसातून थेट इथेनॉल केलं, तर टनाला सुमारे 70 लिटर मिळतं आणि साखर शून्य. साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं डिसेंबर 2023 मध्ये रसावर निर्बंध आणले, पुढच्या हंगामासाठी उठवले.

(पुन्हा पंप.)

ट्रॅक्टरवाला डिझेल भरतोय. डिझेलमध्ये इथेनॉल सहजासहजी मिसळत नाही. त्यानं ओढलेल्या उसाचं इंधन शेजारच्या नळीतून स्कूटरमध्ये पडतंय.